भिंतीवरची खूण आणि उद्याचं पाणी

आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे, पण राजा-राण्यांचा नाही. पाण्याचा अंदाज माणूस कधीपासून बांधू लागला, कसा बांधू लागला, आणि तो अंदाज आपल्या उंबऱ्यापर्यंत यायला इतका वेळ का लागला, त्याचा हा इतिहास आहे. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या काठावर. त्यामुळे हा विषय मला पुस्तकापेक्षा आधी चिखलानं शिकवला.

आमच्या माजघराच्या भिंतीवर एक खूण आहे. २००५ च्या पुरात पाणी तिथवर आलं होतं. सासऱ्यांनी खिळ्यानं रेघ ओढली आणि शेजारी साल कोरलं. पुढं चौदा वर्षं ती रेघ आमच्या घराचा कायदा होऊन बसली. पाऊस वाढला की सगळे म्हणायचे, "लई झालं तर तिथवर येईल. धान्य रेघेच्या वर ठेवा, बास."

ऑगस्ट २०१९ मध्ये धान्य रेघेच्या वरच होतं. आम्हीही माळ्यावर होतो. दूरदर्शनवर आकडे येत होते, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा इतके फूट, सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा इतके फूट. आकडे खरे होते. पण त्या फुटांचा माझ्या उंबऱ्याशी काय संबंध, हे घरात कुणालाच सांगता येईना. रात्री पाणी रेघ ओलांडून गेलं. एक म्हैस आणि तिचं रेडकू सोडवायला कुणी पोचू शकलं नाही. त्यांचा आवाज आम्ही माळ्यावरून ऐकला. तो थांबला, तोही ऐकला.

त्या वर्षी पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट, तिथं पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गाव सोडून निघालेल्यांची बोट उलटली. त्यात बायका होत्या, लेकरं होती. गाव उशिरा सोडावं लागलं की काय होतं, हे त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. भिंतीवरची खूण म्हणजे काल येऊन गेलेलं पाणी. उद्या येणारं पाणी कोण सांगणार?

पायऱ्या मोजणारी माणसं

हा प्रश्न फार जुना आहे. इजिप्तमध्ये नाईल नदीच्या काठी पाणी मोजण्याच्या विहिरी बांधलेल्या होत्या. कैरो शहरातल्या रोडा बेटावर इसवी सन ८६१ मध्ये बांधलेली अशी विहीर आजही उभी आहे. मधोमध दगडी खांब, त्यावर खुणा. पाणी कुठल्या खुणेवर आलं, त्यावरून यंदा पीक कसं येईल आणि सारा किती बसवायचा, हे ठरायचं.

आपल्याकडं नरसोबाच्या वाडीला दुसरं काय होतं? देवळात पाणी शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. लोक स्नानाला जातात. पण नदीकाठच्या बाईला त्यातून दुसरीही बातमी मिळते. सासूबाई म्हणायच्या, "देवाच्या दारात पाणी आलं, आता आपल्या मळीत यायला लई वेळ न्हाई." ऊस कुठवर बुडेल, वैरण कधी हलवायची, हे त्या त्यावरून ठरवायच्या. ते देऊळ त्यांच्यासाठी पाणी मोजायची पट्टीच होतं.

पण खूण आता पाणी कुठं आहे एवढंच सांगते. उद्याचं सांगायचं तर वरच्या अंगाला काय चाललंय, ते कळायला हवं. फ्रान्समध्ये १८५४ च्या सुमारास बेलग्रां नावाच्या अभियंत्यानं हेच केलं. पॅरिसच्या वरच्या बाजूला सीन नदीला मिळणाऱ्या उपनद्या किती चढल्या, ते तो मागवून घ्यायचा आणि पॅरिसला पाणी किती चढेल हे आधी सांगायचा. तारायंत्र नवीन आलं होतं. पुरापेक्षा बातमी जास्त वेगानं धावू लागली. पुराचा अंदाज शक्य झाला तो यामुळेच. पाणी वाटेत असतं तेवढ्या वेळात निरोप पुढं गेला पाहिजे, सगळा खेळ एवढाच आहे.

पावसाचं पाणी नदीत कधी येतं?

पुढचा प्रश्न अवघड होता. नदी चढलेली दिसते तेव्हा निम्मा वेळ गेलेला असतो. मग नुसत्या पावसावरून पूर सांगता येईल का?

१८५१ मध्ये आयर्लंडच्या मलव्हनी या अभियंत्यानं एक साधा विचार मांडला. नदीला ज्या मुलखाचं पाणी मिळतं, त्याला आपण पाणलोट म्हणतो. त्या पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यावर पडलेला थेंब नदीच्या तोंडाशी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ पाऊस टिकला, तर पूर सगळ्यात मोठा येतो. कारण तेव्हा जवळचं पाणी आणि लांबचं पाणी एकाच वेळी तोंडाशी असतं.

आपल्या मराठी मुलखातही या शास्त्राचं काम झालं, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही. १९१६ मध्ये मुंबई इलाख्यानं पाटबंधाऱ्याच्या अभ्यासासाठी एक छोटा विभाग सुरू केला. त्याचीच पुढं पुण्याजवळ खडकवासल्याची मोठी जलसंशोधन संस्था झाली. तिथले क्लॉड इंग्लिस यांनी सह्याद्रीतल्या नद्यांचे पूर पाहून एक सूत्र बसवलं. पाणलोट पंख्यासारखा पसरट असला, की सगळे ओढे-नद्या एकाच वेळी एका जागी येतात आणि पूर उंच चढतो, हे त्यात धरलं होतं. आता पंचगंगा आठवा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती. या नद्या पसरट मुलखातून येऊन चिखलीच्या प्रयागापर्यंत एकमेकींना मिळतात. उघडलेला पंखाच तो.

१९३२ मध्ये अमेरिकेत शर्मन यांनी आणखी एक युक्ती दिली. मुरलेलं पाणी वगळून, वाहून जाणारा एक इंच पाऊस एखाद्या पाणलोटावर ठरावीक वेळात पडला, तर नदी कशी चढते आणि कशी उतरते, त्याचा आलेख एकदा काढून ठेवायचा. तेवढ्याच वेळात दोन इंच वाहिले तर आलेख दुप्पट उंच. दर वेळी नव्यानं सुरुवात करायची गरज नाही. त्याच दशकात मस्किंगम नावाच्या नदीच्या अभ्यासातून दुसरी रीत आली. वरच्या गावात चढलेला पूर खालच्या गावापर्यंत जाताना पात्रात पसरतो, थोडा बसका होतो आणि उशिरा पोचतो. तो किती बसका आणि किती उशिरा, हे गणितानं काढता येऊ लागलं.

यातला "मुरलेलं पाणी" हा भाग आपल्या अंगणात कळतो. उन्हाळ्यात कोरड्या मातीच्या अंगणात एक बादली ओता, जमीन पिऊन टाकेल. लगेच दुसरी ओता, थोडं वाहील. तिसरी ओता, बहुतेक सगळं फाटकाबाहेर जाईल. बादली तीच, पाणी तेवढंच, पण जमिनीचं पोट भरलेलं. म्हणून जूनमधला शंभर मिलीमीटर पाऊस आणि ऑगस्टमधला शंभर मिलीमीटर पाऊस सारखा नसतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रॉफर्ड आणि लिन्स्ली यांनी ही सगळी गणितं संगणकात एकत्र घातली. पाऊस किती पडला, किती मुरला, किती वाहिला, कुठल्या वळणाला किती वाजता पोचला. याला म्हणतात नदीप्रवाहाच्या अंदाजाचं मॉडेल. मॉडेल म्हणजे संगणकात आकड्यांनी बनवलेली नदी. खरी नदी धावायच्या आधी ही आकड्यांची नदी धावून दाखवते.

आपल्या देशात

१९५४ च्या मोठ्या पुरांनंतर भारतात पूर नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये केंद्रीय जल आयोगानं दिल्लीत यमुनेच्या जुन्या रेल्वे पुलासाठी पुराचा अंदाज द्यायला सुरुवात केली. आज देशभरात तीनशेच्या वर ठिकाणांसाठी आयोग अंदाज देतो. काही ठिकाणी पाणी किती चढेल ते सांगतो, काही ठिकाणी धरणात पाणी किती येईल ते सांगतो.

आपल्या कृष्णेचं दुखणं मात्र वेगळं आहे. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. तिथं आणि कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळतो. आमच्या शिरोळात पाऊस जेमतेम. त्यामुळे कधी कधी आमच्या अंगणात ऊन पडलेलं असतं, वाळवण घातलेलं असतं, आणि पूर चढत असतो. आभाळाकडं बघून आमचा पूर कळत नाही. घाटातून पाणी जोरात उतरतं आणि सपाटीला आल्यावर वळणं घेत रेंगाळतं. वाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. कृष्णा तुंबलेली असली की पंचगंगेचं पाणी मागं फुगतं. म्हणून कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी आमच्याकडं चढत असतं.

वरच्या अंगाला धरणं आहेत. कोयनेत सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. टीएमसी आणि क्युसेक हे शब्द आपण बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो. सोडू नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या थोडं वर, साधारण दोन घागरी धरा. आणि ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर, म्हणजे चोवीस तास, वाहिलं की एक टीएमसी होतं. धरणातून ५०,००० क्युसेक सोडले, तर दिवसाला चार टीएमसीपेक्षा जास्त पाणी आपल्याकडं निघालं.

धरणवाल्यांची अडचणही समजून घेऊ. धरण भरलं नाही तर उन्हाळ्यात वीज आणि शेतीचं पाणी कमी पडतं. भरून ठेवलं आणि वर अतिवृष्टी झाली, तर दार उघडण्यावाचून उपाय राहत नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत धरणात किती पाणी येणार हे आधी कळलं, तर थोडं थोडं आधीच सोडता येतं. २००५ च्या पुरानंतर यासाठीच कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत यंत्रणा उभी राहिली. ठिकठिकाणी आपोआप मोजणारी पर्जन्यमापकं, नदी आणि धरणाची पातळी सांगणारी उपकरणं बसली. त्यांचे आकडे पुण्याला जातात आणि तिथं संगणकातलं मॉडेल नदीचा अंदाज काढतं.

मग २०१९ ला पुन्हा तेच का झालं? याचं एकच उत्तर नाही. पाऊस अफाट पडला. मॉडेलला खाऊ लागतो तो पावसाच्या अंदाजाचा, आणि घाटात कुठल्या डोंगरावर किती पाऊस पडेल हे नेमकं सांगणं अजूनही अवघड आहे. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टीवर आणि नदीपात्रातल्या अडथळ्यांवर, अतिक्रमणांवर बोट ठेवलं. अलमट्टी धरणामुळं हा पूर आला असं समितीनं मानलं नाही. तरी तो वाद आमच्या भागात आजही चालू आहे.

पण मी माझ्या घरापुरतं एक कारण सांगू शकते. निरोपाचा शेवटचा टप्पा तुटलेला होता. पुण्यातला आकडा जिल्ह्याला पोचला, जिल्ह्याचा दूरदर्शनवर आला. दूरदर्शनपासून माझ्या गोठ्यापर्यंतचं अंतर कुणी भरलंच नव्हतं. आम्ही भरवसा ठेवला खिळ्याच्या रेघेवर.

आमच्या गटाचा तक्ता

पाणी उतरल्यावर बचत गटाच्या पहिल्या बैठकीत हप्त्याचं कुणी बोललंच नाही. एकजण म्हणाली, "पाणी कुठं किती वाजता आलं, ते तरी लिहून ठेवूया." तिथून सुरुवात झाली.

आम्ही गावात फिरलो. कुठल्या गल्लीत पाणी कधी शिरलं, ते प्रत्येक घरच्या बाईला विचारलं. बायकांना हे नेमकं आठवत होतं. कुणाला चुलीवर दूध होतं तेव्हाचं, कुणाला बाळाला पाजत होते तेव्हाचं. मग त्या दिवसांची वर्तमानपत्रं काढली आणि राजाराम बंधारा, आयर्विन पूल यांचे त्या वेळचे फूट शेजारी लिहिले. तयार झाला एक तक्ता. तिकडं इतके फूट, तेव्हा इकडं स्मशानभूमीचा रस्ता बंद. आणखी इतके, तेव्हा खालच्या गल्लीतल्या गोठ्यांत पाणी. आणखी इतके, तेव्हा शाळेची पायरी. विजेच्या खांबांवर रंगानं पट्टे मारले. तक्ता अंगणवाडीच्या भिंतीवर लावला.

मोठ्या संगणकातलं मॉडेलही याहून वेगळं काही करत नाही. मागचं बघून पुढचं सांगतं. त्याचा फुटांतला अंदाज आमच्या तक्त्यावर ठेवला की तो आमच्या गल्लीच्या भाषेत बोलायला लागतो.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलीमीटर पाऊस पडला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर गेली, म्हणजे २०१९ पेक्षाही जास्त. पाणी फार वेगानं चढलं. पण ३९ फुटांचा इशारा आला त्या संध्याकाळीच आमच्या खालच्या गल्लीतली जनावरं माळावर गेली होती. म्हाताऱ्या माणसांना आणि दिवस गेलेल्या दोन पोरींना आधी हलवलं. घरं बुडाली, ऊस गेला. गल्लीतलं एकही जनावर गेलं नाही.

आता दुसरी बाजू सांगते, ती लपवणं बरं नाही. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात अंदाज आला, पाणी वाढणार. आम्ही तक्ता बघितला आणि गल्ली रिकामी केली. पाणी शाळेच्या पायरीखाली दोन हात थांबलं आणि उतरलं. तीन दिवस जनावरं माळावर राहिली, दूध आटलं, डेअरीचे पैसे बुडाले. लोक चेष्टा करू लागले. एका घरात नवरा बायकोला म्हणाला, "आता तुझ्या गटाचं ऐकून म्हशी हलवणार न्हाई." ती पोर बैठकीत रडली. मलाही वाटलं, आपण चुकलो का?

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेकराला ताप आला की दवाखान्यात नेतीस. डॉक्टर म्हणाला काय न्हाई, तर घरी येऊन रडतीस काय?"

अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. दहापैकी सात वेळा पाणी येईल असं सांगितलं, म्हणजे तीन वेळा येणार नाही हेही सांगितलंच आहे. ते तीन वेळचं दूध ही सात वेळच्या जनावरांची किंमत आहे. पण ती किंमत एका घरानं का भरायची? म्हणून आमच्या गटानं ठरवलं, की अंदाजावरून हलल्यामुळं ज्यांचं दूध बुडालं, त्यांना गटाच्या निधीतून थोडी मदत द्यायची. रक्कम लहान आहे. पण त्या नवऱ्यानं पुढच्या वेळी म्हशी स्वतः सोडल्या.

तुमच्या बैठकीसाठी

नदीकाठच्या मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत चार कामं करा. पहिलं, तुमच्या गावासाठी कुठल्या पुलाचा किंवा बंधाऱ्याचा आकडा लागू पडतो, ते शोधा. तिथली इशारा आणि धोका पातळी वहीत लिहा. आमच्यासारखं दोन नद्यांचं पाणी येत असेल तर दोन्ही ठिकाणांचे आकडे घ्या, आणि वरच्या धरणाचा विसर्गही. दुसरं, मागच्या पुराचा तक्ता करा. म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा. तिसरं, नुसता फूट बघू नका, तासाला किती इंच चढतंय ते बघा. सावकाश चढणारं पाणी रात्रभराचा वेळ देतं, झपाट्यानं चढणारं देत नाही. चौथं, कुणाला कोण उचलणार, जनावरं कुठं जाणार, वैरण कुठं, हे कोरड्या दिवसात ठरवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येकीच्या फोनमध्ये ठेवा.

आमच्या माजघरात आता तीन रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. सर्वांत वरच्या रेघेच्या वर आम्ही मुद्दाम हातभर भिंत कोरी ठेवली आहे. नातीनं विचारलं, "आजी, इथं काय लिहायचं?" मी म्हटलं, "काही लिहायचं नाही. पाणी इथवरही येऊ शकतं, एवढं लक्षात ठेवायचं."